गुडघ्याचं तेल

रेल्वेचं फाटक वर गेलं तसा शिवशरणनं खटका दाबला आणि हातब्रेकची दांडी पुढं लोटली. दांडी गेली नाही. त्यानं मूठ आवळून पुन्हा लोटली. इंजिन गुरगुरत होतं, गिअर पडलेला होता, पाय क्लचवरून सुटत आला होता, आणि मोटार पुढं जायच्या ऐवजी अडून बसलेल्या म्हशीसारखी मागच्या चाकांवर बसली. मग आत कुठंतरी काहीतरी सुटलं आणि तिनं एकदम उडी घेतली. मागं बसलेल्या अंकुशरावांच्या चिमटीतली तपकीर धोतरावर सांडली. पाठीमागून टांगेवाला ओरडला, "क्या मियाँ, गाडी में च सो गये क्या?" फाटकाजवळच्या पेरूवाल्या बाया हसल्या. एवढंच झालं. मोटार रूळ ओलांडून गुलबर्ग्याच्या बाजाराच्या रस्त्याला लागली आणि रोजच्यासारखी चालायला लागली. पण शिवशरणच्या मनात ती उडी तशीच राहिली. जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, मग दिवसभर पायाला ते आठवत राहावं, तशी.

अंकुशराव तपकीर झटकत म्हणाले, "काय रे शिवशरण, काय झालं?"

"काय न्हाई मालक."

"काय न्हाई कसं? माझा मणका हलला की. हात दुखायलाय का तुझा?"

"न्हाई मालक. ब्रेकच अडकायलाय."

हे तो चटकन बोलून गेला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ब्रेक अडकला का आपली मूठ कमी पडली हे आपल्याला ठाऊक नाही. दांडीच्या मुठीवर लोखंडी खटका होता. तो बोटांनी दाबून धरायचा, म्हणजे खाली दातेरी पट्टीत रुतलेली जीभ वर उचलली जाते आणि दांडी मोकळी होते. त्यानं तो दाबला होता. निदान दाबला असं त्याला वाटलं होतं. पण खटका पुरता दबला की नाही हे बोटांना कळायला हवं होतं, आणि ते कळलं नव्हतं. दोन वर्षांखाली कळत होतं का? गेल्या उन्हाळ्यात? त्यानं आठवून पाहिलं, पण असलं काही कुणाला आठवत नसतं. जे नीट चालतं त्याची आठवण हात ठेवत नाही. थंडीचे दिवस होते. थंडीत सगळ्यांचीच बोटं आखडतात. सकाळी बंडीच्या गुंड्या लागत नव्हत्या तेव्हा त्याच्या बायकोनं, गुरुबाईनंच, त्या काढून टाकून बांधायचे कसे शिवून दिले होते. थंडीत गुंड्या तुटतात, म्हणाली होती. कसे बरे होते. दोन टोकं ओढली की झालं.

मोटार जुनी होती. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पेट्रोल अजून परवान्यावर मिळत होतं, आणि शहरात नव्या मोटारी दिसायला लागल्या होत्या. ही मात्र बीदरच्या मिशनमधल्या डॉक्टरानं आपल्या देशातून आणलेली, कापडी छपराची, पितळी भोंग्याची. तिचं स्टेरिंग डाव्या बाजूला होतं. म्हणून गुलबर्ग्यात तिला 'उलटी मोटार' म्हणत. डॉक्टर मायदेशी गेला तेव्हा अंकुशरावांनी ती घेतली, आणि गाईबरोबर दावं यावं तसा शिवशरणही तिच्याबरोबर आला. डॉक्टराकडं तो आधी तिला पुसायचा, मग ढकलायचा, मग चालवायचा. डाव्या हातानं स्टेरिंग धरायचं आणि उजव्या हातानं मधल्या दांड्या हलवायच्या, एक गिअरची, एक ब्रेकची. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की जेवताना डाळीची वाटी सरकवायलाही त्याचा हात आधी थोडा पुढं आणि मग बाजूला जायचा. गुरुबाई म्हणायची, "अवो, ताटात गिअर टाकू नका."

अडत्यांच्या आळीत अंकुशराव तुरीचं बघायला दुकानात गेले. शिवशरण उतरला, मोटारीला वळसा घालून मागं गेला आणि उजव्या चाकाजवळ उकिडवा बसला. ब्रेक सुटला नसेल तर चाकातला ड्रम तापतो, हे त्याला डॉक्टरानंच शिकवलं होतं. आजाऱ्याच्या कपाळाला हात लावतात तसा हात लावायचा. त्यानं चाकाच्या आऱ्यांमधून उजवा हात आत घातला आणि बोटं ड्रमवर टेकवली. कोमट. सकाळच्या उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखं. डाव्या चाकाकडं जाऊन तिथंही लावली. तेच. म्हणजे ब्रेक लागून राहिलेला नाही. म्हणजे मोटारीत काही नाही. तो उठला नाही. रस्त्यावरून पोती वाहणारे हमाल जात होते, तुरीचा भुसा हवेत उडून नाकात जात होता, आणि तो चाकाशी बसून आपली बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवत होता. पहिलं बोट टेकलं. मधलं टेकलं. अनामिका टेकली ती डोळ्यांना दिसली म्हणून. डोळे मिटून त्यानं पुन्हा टेकवलं, तर मध्ये कुणी जाड घोंगडं धरावं तसं वाटलं. त्यानं डोळे उघडले आणि हात बंडीच्या खिशात घातला.

त्याच्या बापाचा, आप्पाचा, हात असाच गेला होता. खटकचिंचोळीला त्यांची बैलगाडी होती, भालकीच्या बाजाराला माल नेणारी. मल्लप्पाची गाडी म्हटलं की पाऊस असो का चिखल असो, वेळेवर. शिवशरण तेव्हा इतका लहान होता, की बसलेल्या बैलाच्या पाठीवर चढायलाही त्याला कुणीतरी उचलावं लागे. पण त्याला ते दिवस आठवत होते, कारण त्या दिवसांत आई आप्पाची भाकरी कुसकरून वाढायला लागली होती. दुधात, आमटीत, कशातही, पण कुसकरून. त्याला वाटायचं आई आप्पाचे लाड करते. त्यानंही हट्ट धरला, मलाही कुसकरून दे. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग, का कोण जाणे, त्याला जवळ घेतलं. आप्पा काही बोलायचा नाही. डाव्या हातानं पाणी प्यायचा. गाडी जुंपली की कासरा मुठीत न धरता उजव्या मनगटाला गुंडाळून घ्यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, असं धरलं की ओढ चांगली कळती. मग एका बाजाराच्या दिवशी ओढ्याच्या उतारावर बैल पळाले. मनगटानं कासरा ओढला, पण मनगट काही मूठ नव्हे. गाडी कलंडली. डावीकडच्या पांढऱ्या बैलाचा पाय मोडला. लोक धावत आले, आणि आप्पा बैलाच्या तोंडाजवळ बसून सगळ्यांना एकच सांगत होता, "बैल बुजले. बैल बुजले." शिवशरण गाडीतच होता. त्यानं पाहिलं होतं, की बैल बुजले नव्हते. बैल उतारावर चालतात तसे चालत होते आणि मागून त्यांना कुणी आवरलं नव्हतं, एवढंच. पांढरा बैल पडल्या पडल्या आप्पाकडं बघत होता. त्याच्या डोळ्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं शिवशरणला पुढं आयुष्यभर अधूनमधून वाटत आलं होतं.

ब्रेकच अडकायलाय, मालक. त्यानं हे वाक्य मनात पुन्हा उच्चारलं आणि त्याला ते आप्पाच्या आवाजात ऐकू आलं.

अंकुशराव दुकानातून आले ते बोलतच. "हे बघ, येळवस आलीय. अवसेला सगळ्यांनी आळंदच्या शेतावर पूजेला, जेवायला जायचं. आई येणार हाय. ती बैलगाडीत बसायची न्हाई म्हणते, कंबर धरती. आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन ती मोटारीत बसणार. तवा ते ब्रेकाचं काय हाय ते बघून घे. हिसका बसला तर आंबील जाईल माझ्या डोक्यावर, अन् आई वर मलाच बोलेल."

"बघतो मालक."

"न्हाईतर जमत नसंल तर सांग. त्या दिवसापुरता दुसरा कुणी बघतो. तुला बी एक दिवस आराम."

अंकुशराव वाईट माणूस नव्हते. ते सरळ मनानंच बोलत होते. पण 'त्या दिवसापुरता' हा शब्द ज्या माणसाला ऐकायचा असतो, त्याला त्यातलं 'दिवसापुरता' ऐकू येत नाही. परतताना शिवशरणनं फाटकाचा रस्ता टाळला. चढावर थांबावं लागेल अशी वाट टाळली. पुढं टांगा थांबलेला दिसला तर लांबूनच वेग कमी करून तो सुटेपर्यंत रांगत आला, पण हातब्रेकला हात लावला नाही. हे सगळं त्यानं इतकं सहज केलं, की घरी पोचल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. मनगटाला कासरा गुंडाळणं ते हेच की.

मोटारखाना मालकाच्या वाड्यामागच्या चिंचेखाली होता, आणि त्याला लागून शिवशरण आणि गुरुबाईची खोली. पोरींची लग्नं होऊन त्या सासरी गेल्या होत्या, एक चिंताकीला, एक लातूरकडं. दोघंच राहत. त्यानं मोटार आत घातली, इंजिन बंद केलं आणि चाक घरंगळू नये म्हणून लाकडाची उटी लावायला खाली वाकला. गुडघा सरकला, तोल गेला, आणि सावरायला टेकलेला डावा तळहात आऱ्यांमधून थेट ड्रमवर पडला. तव्यावर भाकरी टाकल्यावर होतो तसा बारीक आवाज झाला. त्यानं हात मागं ओढला. तळहाताच्या मधोमध लाल गोल उमटला होता आणि त्यावर कातडी पांढरी पडत होती. तो कळवळला नाही, कारण कळवळायच्या आधीच एक विचार त्याच्या डोक्यात उभा राहिला. मग त्यानं सावकाश, कुणी बघत तर नाही ना हे पाहून, उजव्या हाताची तीच तीन बोटं त्याच ड्रमवर टेकवली.

कोमट.

त्यानं बोटं तिथंच ठेवली. अजून थोडा वेळ. केस जळल्यावर यावा तसा कातडी भाजल्याचा बारीक वास आला, तेव्हा त्यानं ती काढली आणि तोंडासमोर धरली. डावा हात दुखत होता, ठणकत होता, जिवंत होता. उजवा शांत होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो मोटारखान्याच्या मातीत बसून राहिला. ब्रेक अडकला होता. हे खरं होतं, मालकाला सांगितलेलं खोटं नव्हतं. आणि हातही गेला होता, तेही खरं होतं. इतका वेळ तो या दोन्हींपैकी एक निवडत होता, एक खरं निघालं की दुसरं आपोआप खोटं ठरेल अशा हिशोबानं. आता दोन्ही खरी निघून समोर येऊन बसली होती आणि एकमेकांकडं बघतही नव्हती. चिंचेवर होले घुमत होते. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मग वाटलं, निदान यातलं एक तरी आपल्याला दुरुस्त करता येतं.

तो उठला. मोटारीच्या पोटाखाली सरपटत शिरला की त्याला नेहमी बरं वाटायचं. तिथं थंड सावली असे, तेलाचा आणि मातीचा वास असे, आणि प्रत्येक गोष्ट कशाला तरी जोडलेली असे. दांडीचं मूळ पायाखालच्या फळीच्या खाचेतून खाली येऊन एका आडव्या लोखंडी दांड्यावर बसलं होतं. दांडी ओढली की आडवा दांडा थोडा फिरायचा आणि त्याच्या दोन टोकांच्या सळया दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक ओढायच्या. दांडी सोडली की स्प्रिंग त्याला परत फिरवायची. जॅक लावून त्यानं चाक उचललं आणि डाव्या हाताच्या बोटांनी फिरवून पाहिलं. घासत होतं. मग चाकाची सळई आडव्या दांड्यापासून सोडवली. पिन डाव्या हातानं काढली, तळहात वाचवत, दात ओठांवर दाबून. सळई सुटली तसं चाक हलक्या हातानं गरगर फिरलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे चाकातला ब्रेक चांगला होता, सळया चांगल्या होत्या. दोष पुढं होता. त्यानं आडवा दांडा पकडीनं फिरवला आणि सोडला. स्प्रिंगनं तो ताबडतोब परत यायला हवा होता. तो आला, पण दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, थांबत, नाराजीनं, आणि शेवटचं थोडं अंतर आलाच नाही.

बाहेर येऊन त्यानं पायाखालची फळी काढली. खाली उजेड पडला. दांडीच्या मुळाशी, आडव्या दांड्याच्या सांध्यात, दातेरी पट्टीच्या दातांत आणि खटक्याच्या जिभेखाली तपकिरी, चिकट, चकाकतं काहीतरी साचलं होतं. त्यात रस्त्याची धूळ होती, तुरीचा भुसा होता, एक मुंगी होती. जुन्या कढईच्या काठावर वाळलेलं तेल असतं, राखेनं घासूनही न निघणारं, तसं. पाचरीच्या टोकानं खरवडलं तर त्याची तार निघाली. शिवशरणनं असलं काही इथं कधी घातलं नव्हतं. तो सांध्याला इंजिनचं जुनं तेल घालायचा, ते मिळेना तेव्हा एरंडेल. हे वाळलं होतं, म्हणजे हे करडईचं. करडईचं तेलच असं वाळून लाखेसारखं होतं. त्यानं खरवडलेला कपटा नाकाजवळ नेला.

आधी लसणाचा वास आला. मग त्याच्या मागून ओव्याचा.

तो वास त्याच्या घरातला होता. रोज संध्याकाळी गुरुबाई चुलीवर पळीत करडईचं तेल तापवायची, त्यात लसणाची पाकळी काळी होईपर्यंत तळायची, वर ओवा टाकायची, आणि परकर वर घेऊन गुडघ्याला चोळत बसायची. पांघरुणाला तो वास होता, तिच्या पदराला होता, दाराच्या कडीला होता. आणि आता तो मोटारीच्या हातब्रेकला होता. शिवशरण फळी मांडीवर घेऊन बसला. त्याला खंडेनवमी आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते. गुरुबाई त्या दिवशी विळी, खुरपं, जातं, कात्री, सगळ्यांना न्हाऊ घालून तेलाचं बोट लावते, कारण पूजा करायची तर आधी त्याचं दुखणं-खुपणं बघावं, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. मोटार तो स्वतः धुतो. मग ती येते, विभूती ओढते, कुंकू लावते, झेंडूचं फूल खोचते. या खेपेला ती आत बराच वेळ होती. तो बाहेर भोंगा घासत होता. त्यानं हाक मारली होती, काय करायलीस गं आत एवढं? ती म्हणाली होती, बसून बघायले, मालकिणीसारखं.

हातावर चिकट कपटा घेऊन तो खोलीत गेला. गुरुबाई दाराशी बसून तूर निवडत होती.

"खंडेनवमीला मोटारीला काय लावलंस?"

"काय लावणार? कुंकू लावलं, इभूत लावली, फूल वाह्यलं."

"अन् तेल?"

ती सुपातले खडे बघत राहिली. "लावलं थोडं."

"थोडं? मुंगी बुडून मेली त्यात."

"मग काय पळीभर."

"गुडघ्याचं?"

"व्हय."

"मोटारीला गुडघे असत्यात व्हय गं?"

"असत्यात की. ती दांडी वाकती, करकर करती, सकाळच्या पारी उठाया कुरकुरती. माझ्यापरास काय येगळं हाय?" तिनं वर पाहिलं. "कामून, काय झालं?"

"वाळलं सगळं. डिंक झालाय. ब्रेक सुटंना, चाक तापलंय."

"अय्यो शिवने!" तिनं सूप खाली ठेवलं. "मी मोकळं व्हावं म्हणून लावलं वो. तापवून लावलं चांगलं."

त्याला हसू आलं. ते आवरेना. तीही हसायला लागली, तोंडावर पदर घेऊन, आणि म्हणाली, मालकाला सांगू नका, म्हणतील बाईनं मोटारीचं मालिश केलं. दोघं हसत होती आणि हसता हसता शिवशरणच्या मनात एक प्रश्न हळू येऊन थांबला, त्या फाटकाशी थांबलेल्या टांग्यासारखा. मोकळं व्हावं म्हणून लावलं. पण तेव्हा तर ब्रेक मोकळाच होता. दसऱ्याला त्याची काहीच तक्रार नव्हती.

"तुला कुणी सांगितलं, दांडी जड जातीय म्हणून?" त्यानं विचारलं. "मी तर काय बोललो नव्हतो."

"तुम्ही काय बोलताव? तुम्ही कधी काय बोललाव?"

"मग?"

गुरुबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तिची बोटं तुरीत फिरायला लागली, पण ती काही निवडत नव्हती. "कपाळावर दिसतंय की," ती म्हणाली. "रोज सकाळी इभूत लावताव. तीन पट्ट्या ओढताव अन् उमटत्यात दोन. खालचं बोट टेकतच न्हाई तुमचं. नागपंचमीपासून बघायले मी."

नागपंचमी म्हणजे श्रावणातली. एवढे दिवस तो दोन पट्ट्यांचं कपाळ घेऊन शहरभर हिंडला होता. बाजारात, स्टेशनवर, मालकापुढं. मोटारीला बाहेरून छोटा आरसा होता, पण त्यात तो फक्त मागचा रस्ता बघायचा. बंडीचे कसे. ताटात आधीच चतकोर करून वाढलेली भाकरी. सगळं त्याच्या भोवती कुणीतरी हळूच सरकवून ठेवलं होतं, आणि तो त्यातून थंडी आहे, थंडी आहे म्हणत चालला होता. त्याला आई आठवली, पाठीत धपाटा घालून जवळ घेणारी. तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. गुरुबाईनं त्याचा डावा तळहात पाहिला, ओढून घेतला, फुगलेल्या कातडीवर फुंकर घातली. उजवा हात तो मागं लपवत होता. तिनं तोही ओढून घेतला. तीन बोटांच्या टोकांवर फोड होते. ती त्या फोडांकडं बघत राहिली.

उरलेला दिवस त्यानं घासलेट आणि पितळी ब्रश घेऊन सांधा न् सांधा धुतला. चिकटपणा विरघळून काळं पाणी खाली मातीत गेलं. लसणाचा वास उठला आणि संध्याकाळपर्यंत विरत गेला. त्याला उगीच वाईट वाटलं, कुणाचं तरी बोललेलं पुसून टाकल्यासारखं. सळया जोडल्या, फळी बसवली, दांडी ओढून सोडली. खट्ट आवाज करून ती पुढं गेली. चाक फिरत राहिलं. मोटार बरी झाली होती. आता कुणी म्हणू शकणार नव्हतं, की बैल बुजले.

अवसेच्या सकाळी आंघोळ करून तो लिंगपूजेला बसला. भाजलेल्या डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं तेव्हा त्याचा थंडावा कातडीत शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. उजव्या हातानं विभूती घेऊन कपाळावर ओढली. बोटांना काही कळलं नाही. पूजा झाली तसा तो चुलीजवळ गेला आणि गुरुबाईपुढं मान खाली करून उभा राहिला.

"किती उमटल्या?"

"दोन."

"तिसरी तू ओढ."

तिनं पिठाचा हात पदराला पुसला, विभूतीत बोट बुडवलं आणि दोन पट्ट्यांखाली तिसरी ओढली. जरा वाकडी झाली असणार. तिच्या बोटाला ओव्याचा वास होता.

वाड्यापुढं मोटार उभी राहिली. उजेड पुरता फाकला नव्हता. अंकुशरावांच्या आई, चंद्रभागाबाई, मांडीवर आंबिलीचं मडकं घेऊन मागं बसल्या. भाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं आणि बाजरीच्या उंड्यांची टोपली पायाशी आली. अंकुशराव त्यांच्या शेजारी टेकले. "झाला का ब्रेक दुरुस्त?"

"झाला मालक. तेल वाळलं होतं. धुतलं."

"मग चल."

इंजिन चालू होतं. वाड्यापासून रस्त्यापर्यंत उतार होता, आणि आळंदच्या वाटेवर असे पुष्कळ उतार होते, ओढे होते. शिवशरणचा उजवा हात दांडीवर होता. त्यानं तो काढून घेतला. मागं वळून न बघताच तो बोलला, आणि त्याला आश्चर्य वाटलं, की आवाज त्याचाच होता.

"मालक, ब्रेक बरा झालाय. माझा हात बरा न्हाई. उजव्या बोटांना कळंना झालंय. गिअर तळहातानं ढकलता येतो, स्टेरिंगला डावा हात हाय. पण हा खटका नेट धरून दाबावा लागतो. एखाद्या उताराला दांडी ओढताना मूठ सुटली तर माझ्या भरवशावर राहू नका."

मडक्यातली आंबील डचमळल्याचा बारीक आवाज आला.

"कधीपासून?" अंकुशरावांनी विचारलं.

"नागपंचमीपासून, म्हणतीया आमची."

"अन् मला आज सांगायलास?"

"मलाच आत्ता आत्ता कळलं, मालक."

अंकुशरावांनी तपकिरीची डबी काढली, न उघडताच ठेवली. दुसरा ड्रायव्हर आता मिळणार नव्हता, आणि शेतावर सगळी वाट बघत होती. तेवढ्यात चंद्रभागाबाई बोलल्या, "मग तू बस की म्होरं. खटका दाबायला काय लागतंय? हितं माझ्याशेजारी बसून काय अंडी उबवायचीत तुला?"

"आई, म्होरं ड्रायव्हरशेजारी..."

"बघतील लोक. बघू दे. आज सगळे शेताला चाललेत, तुला कोण बघतंय!"

अंकुशराव उतरले. मोटारीला वळसा घालून पुढं आले आणि उजव्या बाजूला, जिथं आजवर फक्त पेट्रोलचा डबा नाहीतर मालकाची छत्री ठेवलेली असे, तिथं बसले. एवढ्या जवळून त्यांनी शिवशरणचं तोंड कधी पाहिलं नसावं. क्षणभर त्यांची नजर त्याच्या कपाळावर थांबली आणि वळली. "येळवस झाल्यावर त्या इंग्रजी दवाखान्यात जाऊ," ते पुटपुटले. "मग पुढचं बघू. सांग, काय करायचं?"

"मुठीवरचा खटका दाबून धरा. पुरता. दबला?"

"दबला."

"आता न्हाई. मी म्हणेन तवा. घाईनं लोटू नका, मागं आंबील हाय."

त्यानं तळहातानं गिअर पाडला. क्लच हळूहळू सोडला. मोटारीच्या अंगातून एक कंप गेला, तो त्याला पायांत कळला, पाठीत कळला, डाव्या तळहातावरच्या फोडातही कळला. ती ओढायला लागली होती.

"सोडा, मालक."

अंकुशरावांनी दांडी पुढं नेली. मोटार हिसका न देता निघाली. मागं आंबील हलली नाही. दाराशी गुरुबाई उभी होती, ती मागं गेली. उताराला लागताना शिवशरणनं सवयीनं उजवा हात दांडीकडं नेला, तिथं दुसऱ्याचा हात होता. त्यानं तो परत घेतला, कुठं ठेवावा हे क्षणभर त्याला कळलं नाही, आणि मग पांघरुणातल्या लेकरासारखा मांडीवर ठेवला.